पाठीवरचा हात

पुलाचा चढ लागला तोच यांतिनाच्या पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध, एक हात येऊन टेकला आणि तिची सायकल तिला न विचारता पुढे निघाली. पायाखालचं पॅडल एकदम हलकं झालं. नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं झालं, आणि मग संताप आला. हात रुलोफचा होता. तिचा मुलगा तिच्या डावीकडून, बॅटरीच्या सायकलवर, दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसावं तसा ताठ बसून चालला होता आणि छपराच्या पन्हळीबद्दल बोलत होता. त्याने बोलणंही थांबवलं नव्हतं. पन्हळीत पानं अडकतात, पाणी भिंतीत मुरतं, जुनी घरं अशीच असतात, असं म्हणता म्हणता त्याने उजवा हात हँडलवरून उचलून आईच्या पाठीवर ठेवला होता. टेबलावरचा कप बोलता बोलता कडेला सरकवतात, तसा. नैऋत्येचा वारा समोरून नुसता कानफटात मारत होता. पुढे कॉलेजातली दोन पोरं हँडलवर छाती टेकून चढत होती, आणि यांतिनाही तशीच वाकली होती, दर पॅडलला एक श्वास, तिच्या लयीत, आणि पूल तिला जमत होता. हा पूल तिला तरुणपणापासून जमत आला होता. "हात काढ," ती म्हणाली. वाऱ्याने शब्द मागे नेले. "काय?" "हात." "असू दे गं," रुलोफ म्हणाला, "मला कुठे जोर लागतोय? बॅटरी आहे ना." आणि तो पुन्हा पन्हळीकडे वळला.

पूल संपून उतार लागला, हात निघाला, पण पाठीवर त्याची जागा राहिली. मला कुठे जोर लागतोय. जोर लागत नसेल तर ढकलतोस कशाला, असं तिला विचारायचं होतं. तिच्या बापाला जोर लागायचा. तिच्या लहानपणीच्या, उत्तरेकडच्या गावात घरापासून शाळेपर्यंत एक झाड नव्हतं, नुसती बीटाची शेतं, आणि समुद्रावरून सुटलेल्या वाऱ्याला अडवायला त्या सगळ्या मुलखात एक ती आणि एक तिचा बाप. बाप सायकलवरून पुठ्ठ्याच्या कारखान्यात जायचा. फाट्यापर्यंत तो तिच्या पाठीवर पंजा ठेवून तिला ढकलायचा आणि तिला त्याचा श्वास ऐकू यायचा, भात्यासारखा, तंबाखूच्या वासाचा. त्याचे गुडघे कुरकुरायचे. मग एका सकाळी, तिच्या आठव्या वाढदिवसानंतर लगेचच, त्याने हात काढला. "आता तुझं तू," एवढंच म्हणाला आणि पुढे निघून गेला. ती रडली, तिने त्याला मनातल्या मनात ठाऊक होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या, नाकातलं पाणी ओठावर येऊन गार झालं, आणि ती शाळेला पोचली. बाप त्या दिवशी किती सावकाश चालवत होता हे तिच्या लक्षात यायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. त्याच्या पुढे जाता आलं असतं तिला, तिने थोडा जोर केला असता तर.

हार्मचा हात वेगळा. हार्म तिचा नवरा. विम्याच्या कचेरीत होता, मऊ हातांचा, मऊ बोलण्याचा. लग्नाआधी दोघं शेजारी शेजारी सायकल मारत शहरभर फिरायची तेव्हा त्याने पहिल्यांदा हात ठेवला, आणि मग चाळिसाहून जास्त वर्षं तो तिथेच होता म्हटलं तरी चालेल. कालव्याच्या काठाने जाताना बायका बघायच्या. तिची मैत्रीण फेना तर तोंडावर म्हणायची, काय गं मायाळू माणूस मिळाला तुला, आमचा बघ, सिग्नल हिरवा झाला की मी मागे आहे का मेले हेसुद्धा बघत नाही. आणि यांतिना हसायची. मायाळू होताच हार्म, आणि हीच पंचाईत होती, कारण मायाळू माणसावर रागावलं तर राग ठेवायचा कुठे? त्याचा हात ढकलायचा नाही, नुसता असायचा. ती रेंगाळली की कळत नकळत पुढे न्यायचा, तिने वेग घेतला की जड व्हायचा. एकदा, रुलोफ नुकताच शाळेत जायला लागला होता तेव्हा, दोघं पुलापलीकडून परतताना परस्पर हार्मच्या आईकडे जेवायला निघाली होती. कालव्यानंतरच्या चौकात डावीकडे संध्याकाळची शाळा होती, नकाशे काढायचं शिकवणारी. नाव घालायचा तो शेवटचा दिवस होता. सकाळीच तिने हार्मला सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, बघू. चौक आला. तिने पॅडल मंद केलं, डावीकडे पाहिलं, शाळेच्या खिडक्यांत दिवे लागलेले दिसले. पाठीवरचा हात होता तिथेच होता. "सूप गार होईल," हार्म म्हणाला, अगदी प्रेमाने, आणि ती सरळ गेली. त्या दिवशीचं वाटाण्याचं सूप इतकं दाट होतं की चमचा उभा राहिला असता. तिने दोन वाट्या खाल्ल्या. कोणी तिला अडवलं नव्हतं, हे तिला इतकी वर्षं पटलेलं होतं, आणि आज, या वाऱ्यात, पोटच्या पोराचा हात पाठीवरून उतरल्यावर, ते एकाएकी पटेनासं झालं. हार्म चार वर्षांपूर्वी गेला. पहिल्या हिवाळ्यात तिला पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. दोन स्वेटर घालूनही गार. दुसऱ्या हिवाळ्यात ती पाठ तिची स्वतःची झाली, आणि ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही, कारण नवरा मेल्यावर असं बोलायचं नसतं.

"दमलीस का?" रुलोफने विचारलं. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, तळं आता आलंच. जसं काही तळं कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. याच तळ्यावर तिने त्याला पोहायला शिकवलं होतं. दोघं तळ्याकाठी नवीन झालेली घरं बघायला चालली होती, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली, लिफ्टची, रुंद दारांची. त्यात तिला गैर काही वाटत नव्हतं. तिच्या घराचा जिना शिडीसारखा उभा होता, गुडघे आता बोलायला लागले होते, आणि खोटं कशाला बोला, तिलाही कंटाळा आला होता. राग घराचा नव्हता. राग त्या पडण्याचा होता, म्हणजे पडण्याचाही नाही, त्याच्यानंतरचा. पानगळीत बागेतल्या वळणावर ओल्या पानांवरून चाक सरकलं आणि ती पडली, डावं मनगट मोडलं, महिनाभर प्लास्टर. आयुष्यात ती कितीदा पडली होती. बर्फात पडली होती, पोटुशी असताना पडली होती, एकदा तर कॅरियरवर फेनाला डबलसीट घेऊन थेट कालव्याच्या कठड्यावर गेली होती आणि दोघी हसून हसून उठू शकल्या नव्हत्या. पण विसाव्या वर्षी पडलं की लोक पडली म्हणतात. त्र्याहत्तराव्या वर्षी पडलं की पडायला लागली म्हणतात. सुनेच्या वाढदिवसाला नेहमीसारखं खुर्च्यांचं रिंगण मांडलेलं, मांडीवर केकची बशी, आणि त्या रिंगणात तिचं पडणं एका खुर्चीकडून दुसऱ्या खुर्चीकडे फिरत होतं, साखरेच्या भांड्यासारखं. कोणी म्हणालं बस किती सोयीची झालीय. कोणी म्हणालं तीन चाकांची सायकल मिळते हल्ली, फार छान. तीन चाकांची सायकल फेनाला तिच्या लेकींनी घेऊन दिली होती. ती सायकल शेडमध्ये गेली, फेना बसने बाजारात यायला लागली, मग पाऊस असला की येईना, मग थंडी असली की येईना, आणि आता फेनाकडे कॉफीला यांतिनाला जावं लागतं आणि फेना खिडकीतून दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या मांजराबद्दल बोलते. सायकलवर डबलसीट बसताना चालत्या सायकलवर उडी मारणारी फेना.

घर तिला आवडलं, हे सगळ्यात वाईट. कोपऱ्यावरचं, दोन बाजूंनी उजेड, खिडकीतून सगळं तळं दिसत होतं आणि पलीकडचा सायकलरस्ता, त्यावर वाऱ्याशी झटणारी बारकी बारकी माणसं. ती खिडकीपाशी उभी राहिली तेव्हा तिने मनात टेबल कुठे ठेवायचं ते ठरवूनसुद्धा टाकलं. सकाळी कॉफी घ्यायची, खाली जायचं, सायकल काढायची, तळ्याला एक फेरी मारून शनिवारच्या बाजारात. इमारतीची व्यवस्था बघणारी बाई गोड होती, गळ्यात चष्मा अडकवलेली; तिने कॉफी दिली, डबा पुढे करून एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. यांतिनाने विचारलं, सायकली तळघरात ठेवायच्या ना? खाली जायला उतरण आहे की पायऱ्या? बाई हसली. "उतरण आहे, पण जागा अगदी मोजकी. तुमचा तो प्रश्नच नाही म्हणा, हौझिंगाबाई. तुम्ही सायकल सोडलीत असं तुमच्या मुलाने कळवलंय ना, त्यामुळे तर तुमचा नंबर इतक्या लवकर लागला." यांतिनाचे गाल वाऱ्याने लाल होते. केस उभे राहिले होते. तिच्या हातात सायकलच्या कुलपाची किल्ली होती, लाल दोरीत ओवलेली, आणि ती तिने बाईसमोर टेबलावरच ठेवलेली होती, कॉफीच्या कपाशेजारी. बाईने किल्ली पाहिली, मग रुलोफकडे पाहिलं. रुलोफ खिडकीची काच बोटाने वाजवून दुहेरी आहे का ते बघत होता. परक्या माणसासमोर मुलाला बोलायचं नाही ही यांतिनाची रीत. तिने बिस्किट खाल्लं. ते तिच्या टाळूला चिकटलं. मग ती म्हणाली, तळघर बघू या; आणि बाईने नाइलाजाने दाखवलं. तिथे बॅटरीच्या, एकट्याने बसायच्या चारचाकी गाड्या प्लास्टिकच्या झग्यांत ओळीने उभ्या होत्या, आणि भिंतीकडेला सायकलींच्या मोजक्या खाचा, सगळ्या भरलेल्या. एका खाचेत तिच्यासारखीच जुनी काळी सायकल होती, उंच हँडलची, चेनवर पत्र्याचं झाकण असलेली. कोणाची तरी. कोणाच्या तरी मुलाने तोंड बंद ठेवलं होतं.

दोघं बाहेर आली तोवर पाऊस येऊन गेला होता आणि वारा फिरला होता. वायव्येचा झाला होता. येताना तोंडावर होता, आता परत जातानाही तोंडावरच. या शहरात जन्म काढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. यांतिनाने कुलूप उघडलं, बाहीने सीट पुसली, आणि मग बोलली. "कधी कळवलंस?" "काय?" "मी सायकल सोडली म्हणून." रुलोफने हातमोजे चढवले, एक, मग दुसरा. "आई, सायकलवाल्यांची रांग वेगळी आहे. दोन वर्षं लागतात. बिनसायकलवाल्यांचं लगेच होतं. नुसतं म्हणायचं होतं." "आणि माझी सायकल कुठे ठेवणार होतास?" त्याने हातमोज्याचा पट्टा घट्ट केला. "रुलोफ, कुठे ठेवणार होतास?" "माझ्याकडे. शेडमध्ये." मग एकदम त्याचा आवाज चढला. "तुला काय, तू पडतेस आणि उठतेस. माझा फोन वाजला की माझं काय होतं ते तुला ठाऊक नाही. बाबांच्या वेळीही फोनच आला होता. वर नाव दिसतं तुझं, आणि उचलेपर्यंत मी तुला पुरून आलेलो असतो." ते खरं होतं, त्याचे ओठ पांढरे झाले होते, लहानपणी पाण्याला भ्यायचा तेव्हा व्हायचे तसे. यांतिनाला ते दिसलं. तिला कीव आली नाही. कीव आली असती तर पुन्हा सरळच जावं लागलं असतं. "मग फोन बंद ठेवत जा," ती म्हणाली. "तू भितोस म्हणून मी घरात बसायचं? सोमवारी त्या बाईला फोन कर. सांग, मी खोटं बोललो, माझी आई सायकल चालवते." "घर हातचं जाईल, आई." "जाऊ दे." "तो जिना..." "जिना माझा मी बघेन. दोन वर्षं चढेन. बसून बसून चढेन." असं म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती, दोन बाजूंचा उजेड, आणि मनात मांडून ठेवलेलं टेबल. तिला ते घर हवं होतं. त्याने विचारलं असतं तर ती आनंदाने हो म्हणाली असती, आणि तेवढा एक हो सुद्धा पोराने तिच्या तोंडातून आधीच काढून नेला होता. ती सीटवर चढली आणि निघाली.

तळ्याचा काठ सोडून ती शहराकडच्या रस्त्याला लागली. वारा इतका की डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं. रागाचा एक फायदा असतो, पाय दमत नाहीत. मागे रुलोफची सायकल आधी मुकाट येत होती, मग तिच्यातली ती बारीक गुणगुण बंद झाली. तिने वळून पाहिलं. बॅटरी संपली होती. जाताना आईला ढकलायला त्याने ती सगळ्यात वरच्या जोरावर लावली होती, सकाळी भरायचीही राहिली होती, आणि आता ते लोखंड, मोटरीसकट, त्याला स्वतःच्या पायांनी ओढायचं होतं. तो सीटवरून उठून उभ्याने पॅडल मारत होता, कोट शिडासारखा फुगला होता, तोंड लाल. तिने वेग न वाढवताही तो मागे पडत गेला, म्हणून तिने वेग कमी केला. तो जवळ आला. दोघं शेजारी शेजारी पॅडल मारत राहिली. मग पुलाच्या पायथ्याशी तो धापा टाकत, अर्धवट हसत म्हणाला, "आई, जरा हात लाव की."

तिने लावला. तिला विचार करायलाही वेळ मिळाला नाही. ती त्याच्या डावीकडे गेली आणि तिचा उजवा हात आपणहून त्याच्या पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध जाऊन बसला. कोट ओला होता, आत पाठ गरम होती, हार्मसारखी रुंद. तिने जोर दिला, पोटातून, मांडीतून, आणि ते धूड तिच्या तळव्याखाली थोडंसं, अगदी इंचभर, हललं. आणि तिला ते फार गोड वाटलं. इतकं गोड वाटतं हे? आपल्या हाताखाली दुसऱ्याचं चालणं असणं, त्याने किती वेगाने जायचं ते आपल्या तळव्याला ठाऊक असणं. हार्मला हे रोज मिळत होतं. रुलोफला हे आज मिळालं होतं, तेही फुकट. आणि मग तिला शाळेतला रुलोफ आठवला, लांब पायांचा, तिच्या हाताखाली अंग चोरून म्हणणारा, हात काढ आई, पोरं बघतायत. आणि ती काय म्हणाली होती तेही आठवलं. असू दे रे, असं म्हणाली होती. अगदी याच सुरात. तिला हार्मचा राग होता, रुलोफचा होता, त्यात आता स्वतःचाही मिसळला आणि सगळा मिळून तो एवढा झाला की हात भाजल्यासारखा तिने त्याच्या पाठीवरून उचलला.

"का गं, काढलास का?" रुलोफ म्हणाला. "जोर लागतो," ती म्हणाली, आणि पुढे गेली. पूल ती तिच्या लयीत चढली, दर पॅडलला एक श्वास. माथ्यावर पोचल्यावर बापासारखं सावकाश चालवावं असं तिच्या मनात आलं. पण बापाला आठ वर्षांची पोर सांभाळायची होती, हा सत्तेचाळीस वर्षांचा घोडा होता. तिने उतारावर पाय थांबवले नाहीत. कालवा मागे गेला आणि चौक आला. सरळ गेलं की घर. डावीकडे ती शाळा होती; आता तिथे भिंती चढायचा खेळ चालतो, दोऱ्या बांधून तरुण मुलं खोट्या कड्यांवर चढतात. डावीकडूनही घरी जाता येतं, जरा लांब पडतं एवढंच. मागे रुलोफचं पॅडल कर्रकर्र वाजत होतं. यांतिनाने डावा हात बाजूला लांब केला, मोडून जुळलेल्या मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली, तरी तो तसाच सरळ धरून ठेवला, मागच्या सगळ्यांना नीट दिसेल असा. समोरून येणारी मोटार थांबली.

"सरळ, आई, सरळ," रुलोफ मागून ओरडला.

ती वळली.